चोपन्न इंची पंखा

रुपरावनं आयुष्यात हजारभर साचे केले असतील. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका ओतकाम कारखान्यात तो पॅटर्नमेकर होता. पंपाचं कवच असो की चक्कीचं चाक, लोखंडात ओतायच्या आधी ते लाकडात घडवायचं काम त्याचं. लाकडी साचा वाळूत दाबायचा, वाळूत उमटलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा आणि साचा मागच्या शेडमध्ये फेकून द्यायचा. लोखंडावर कंपनीचं नाव उठायचं. ते मद्रासला जायचं, कलकत्त्याला जायचं. रुपरावचं लाकूड शेडमध्ये वाळवी खायची. बावीस वर्षं हेच. त्याच्या हातचं लाकूड कधी कारखान्याच्या फाटकाबाहेर गेलं नाही.

म्हणून कृष्णकांत सर जेव्हा त्याला शोधत कारखान्यात आले आणि म्हणाले, "रुपराव, विमानाचा पंखा करशील का, लाकडाचा?" तेव्हा त्यानं हातातली पटाशी खाली ठेवली आणि लांबी किती ते विचारलं. फोरमनला वाटलं, सर थट्टा करताहेत.

कृष्णकांत सर इंजिनियरिंग कॉलेजात शिकवायचे. धरमपेठेत घर, घरामागं टिनाची शेड. त्या शेडमध्ये पाच वर्षांपासून ते एका माणसाचं विमान बांधत होते. लाकडी फासळ्या, वरून कापड, आणि कलकत्त्याच्या लिलावातून आणलेलं एका जर्मन मोटारीचं इंजिन. लोक हसायचे. हसणाऱ्यांना सर मोजत नव्हते, एवढं मात्र खरं. विमान उडवणार होता त्यांचा धाकटा भाऊ रविंद्र. सव्वीस वर्षांचा, फ्लाइंग क्लबात शिकून लायसन घेतलेला. सगळं झालं होतं, फक्त पंखा अडला होता. सरांच्या मेहुण्यानं इंग्लंडात कुठल्याशा बंद पडलेल्या दुकानातून एक जुना, न वापरलेला पंखा मिळवला होता. तो बोटीनं निघाला होता आणि येता येत नव्हता. तोवर हाताशी एक असावा म्हणून रुपराव.

रुपरावनं सुटीचे दिवस घातले, संध्याकाळी घातल्या, दिवाळी घातली. आलापल्लीचं सागवान, दहा वर्षं वाळलेलं. त्याच्या सात पातळ फळ्या, एकीवर एक, पाण्याला न बधणाऱ्या लाल सरसानं जोडलेल्या. मग पटाशी, रंधा, कानस, काचकागद. सरांनी कागदावर आकडे काढून दिले होते: लांबी चोपन्न इंच, पात्याला पीळ किती. पंखा म्हणजे हवेत फिरणारा स्क्रूच. पीळ जास्त दिला तर एका फेऱ्यात पुढं जास्त सरकतो, पण इंजिनाला दम लागतो. नागपूरच्या उन्हात हवा आधीच पातळ. म्हणून रुपरावनं सरांना विचारून पीळ एक इंचानं कमी धरला. सरांनी कबूल केलं, "बरोबर आहे तुझं."

त्याची बायको भीमाबाई म्हणायची, "घरात खाट मोडून पडली हाय, ते नाही दिसत. त्या बामनाचं इमान दिसते."

"खाटीवर तू आजबी झोपतेस वं. पंख्यावर कोनाचा तरी जीव राहीन."

"अन् तुले काय भेटन?"

या प्रश्नाचं उत्तर रुपरावनं बायकोला दिलं नाही. स्वतःला दिलं होतं. त्याच्या हातचं लाकूड एकदा आभाळात जाईल. बस, एवढंच त्याला पाहिजे होतं.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात विलायती पंखा आला. खोक्यात भुसा, भुशात तेलकट कागद, कागदात पंखा. मधावानी रंग. मध्यभागी कंपनीचा सोनेरी शिक्का. रुपरावनं तो मांडीवर घेतला, बोटानं जोड चाचपले. काम अव्वल होतं. दुसऱ्याचं चांगलं काम पाहून पोटात दुखणाऱ्यांतला तो नव्हता.

"लई सफाई हाय सर. पन सरस जुना हाय. दुधाच्या चोथ्याचा सरस. लढाईच्या टायमाले हाच वापरत. याले पानी नाही चालत."

"विमानाला काय आपण आंघोळ घालणार आहोत?" सर हसले.

"नाही, सांगून ठेवलं. अन् ठेवाचा तर आडवा ठेवजा. उभा ठेवला तं वल खालच्या पात्यात उतरते, तोल जाते."

दोन्ही पंखे लावून पाहायचे ठरले. विमानाची शेपटी कडुनिंबाला दोरखंडानं बांधली. मध्ये कापसाच्या गाठी तोलायचा लटकता काटा अडकवला. पंखा विमानाला जितक्या जोरानं ओढेल तितका काटा सरकेल. दुपारचे दोन, नागपूरचं मे महिन्यातलं ऊन. आधी विलायती लावला. बोल्ट रुपरावनंच आवळले, त्याच्या हाताला अंदाज होता. काटा एकशे सोळा किलोवर थांबला. मग सागवानी लावला. इंजिन मोकळं फिरलं, काटा एकशे एकवीसवर गेला.

रविंद्र ओरडला, "दादा, रुपरावजींचा पाच किलो जास्त!"

सरांनी दोनदा आकडा वाचला. वहीत लिहिला. मग चष्मा पुसत म्हणाले, "चांगला आहे. स्पेअर म्हणून ठेवू."

आता हे काय झालं? झालं ते एवढंच की एका पंख्यावर सोनेरी शिक्का होता आणि दुसऱ्यावर नव्हता. सर कारणं द्यायला लागले. परवानगीच्या कागदात विलायतीचं नाव टाकलंय, तपासणीचा साहेब छाप विचारतो, वगैरे. कारणं खोटी नव्हती. पण काटा कारणं ऐकून मागं आला नव्हता. इंजिनियरिंग शिकवणारा माणूस काट्यासमोर उभा राहून शिक्क्यावर विश्वास ठेवत होता, आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

रुपराव म्हणाला, "ठीक हाय सर." त्याचा पंखा शेडमध्ये दोन खुंट्यांवर आडवा टांगला गेला. विलायती घरात गेला.

घरात म्हणजे देवघरात. सरांच्या आई, यमुताई, म्हणाल्या होत्या, "रवीचा जीव ज्या वस्तूवर टांगायचा, ती आधी देवापुढं राहू दे. पावसाळ्यात काही उडणार नाही तुमचं." रुपराव शेडच्या पुढं कधी गेला नव्हता. या घरात कुणी त्याला अडवलं नव्हतं. अडवायची वेळच येऊ दिली जात नव्हती. चहा शेडच्या खिडकीतून यायचा. सर म्हणायचे, "आम्ही काही मानत नाही हं रुपराव." न मानणाऱ्यांच्या घरातला चहा नेहमी खिडकीतूनच का येतो, हे रुपरावनं विचारलं नव्हतं. त्याला पंख्याशी मतलब होता.

पावसाळा गेला. धम्मचक्र दिनाची गर्दी ओसरली. उड्डाणाचा रविवार ठरला, आणि आदल्या रविवारी सरांनी रुपरावला बोलावलं. पंखा कायमचा बसवायला.

रविंद्रनं देवघरातून पंखा आणला. त्यावर हळदीकुंकवाची बोटं होती. रुपरावनं दोन्ही हातांनी तो झेलला आणि जागीच थांबला.

"काय झालं?" रविंद्रनं विचारलं.

"थांबा जरासाक."

त्यानं पंख्याच्या मधल्या भोकातून गुळगुळीत सळई घातली. मधल्या जाड भागाला तो बैलगाडीच्या चाकाचा म्हणतात तसा तुंबा म्हणायचा. सळईची टोकं दोन उभ्या लोखंडी पट्ट्यांच्या धारेवर टेकवली आणि पंखा आडवा करून हात सोडला. चांगला पंखा जसा सोडला तसा राहतो. हा राहिला नाही. एक पातं सावकाश खाली गेलं आणि खालीच थांबलं. रुपरावनं पुन्हा आडवा केला. पुन्हा तेच पातं.

"मे महिन्यात बराबर होता," तो म्हणाला.

सरांनी स्वतः करून पाहिलं. "दीड-दोन तोळ्यांचा फरक असेल. हलक्या पात्याला वार्निशचे दोन हात मारू. हे सगळे करतात."

हे खरं होतं. तोल तसा जुळवतात. पण रुपराव खाली बसला होता. बोटाच्या पेरानं तो पात्यावर टकटक करत होता. टोकापासून आत, तुंब्याकडे. टोकाला आवाज कोरडा, टणक. तुंब्याजवळ आला की बसका, भिजलेल्या ढोलकीवानी. दुसऱ्या पात्याला नाही, खाली जाणाऱ्यालाच. त्यानं चारदा वाजवून पाहिलं. कान जवळ नेला. मग नाक नेलं.

"सर, हा लावू नका."

"का?"

"तुंब्यापाशी जोड सुटून राहिला आतून. पानी गेलं याच्यात."

"पाणी कुठून जाईल? सहा महिने घरात होता. गच्ची गळत नाही आमची."

"ते मले नाही माहीत. आवाज सांगते."

सरांनी पंखा घेतला, बॅटरीचा उजेड पाडून जोडावरून नजर फिरवली. वरून काही नव्हतं. वार्निश जसंच्या तसं. बोल्टच्या भोकांतून आत बघितलं, अंधार. त्यांनी पंखा खाली ठेवला आणि सुस्कारा टाकला.

"रुपराव, एक बोलू? राग नको मानू. सहा महिने झाले, तुझा पंखा खुंट्यांवर आहे. तुझं मन मला कळतं."

"म्हंजे?"

"म्हणजे काही नाही. माणसाला जे हवं असतं ना, तेच ऐकू येतं."

 रुपरावचे कान तापले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं. हे असं समजूतदार आवाजात बोललेलं, खांद्यावर हात ठेवून बोललेलं, याला काय उत्तर द्यायचं?

"म्हनजे मी खोटं बोलून राहिलो."

"खोटं नाही म्हणालो मी."

"नाही, सीधं बोला न सर. माहा पंखा लागावा म्हनून मी याच्यात खोट काढतो, असंच न?"

रविंद्र मध्ये पडला. "दादा, आपण रुपरावजींचाच लावू ना. काट्यावर जास्त होता."

"आणि परवानगी? पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी, पुन्हा वर्ष? एका टकटकीवर? मी पाच वर्षं..." सरांचा आवाज चढला आणि त्यांनी तो आवरला. "दोन हात वार्निश. तोल जुळला की पुढच्या रविवारी उड्डाण. रवी, तुला भीती वाटत असेल तर तसं सांग."

सव्वीस वर्षांच्या पोराला भावानं असं विचारल्यावर तो काय सांगणार? रविंद्र म्हणाला, "भीती कशाची?"

रुपरावनं त्याच्याकडे पाहिलं. हा एकटाच या घरात त्याला 'तुम्ही' म्हणायचा. मिनिटाला तीन हजार फेरे. जोड उघडला की पातं सुटतं, आणि एक पातं सुटलं की उरलेलं पातं इंजिनाला मुळासकट हलवून उपटतं. खाली, जिथं उड्डाण ठरलं होतं तो वाडीच्या पलीकडचा माळ, दगडगोटे. हे सरांना शिकवायची गरज नव्हती. सर हे फळ्यावर लिहून शिकवत होते. त्यांना फक्त सांगणारा पटत नव्हता.

का पटत नव्हता, हेही रुपरावला समजलं. वर खुंट्यांवर त्याचा पंखा होता. तो तिथं आहे तोवर त्याचा कान हा त्याच्या फायद्याचा कान. कितीही ओरडला तरी.

तो उठला. खुंट्यांवरून स्वतःचा पंखा उतरवला. फडक्यानं धूळ पुसली. मग तो शेगड्याच्या लोखंडी पकडीत आवळला आणि करवत घेतली.

"रुपरावजी, काय करता?" रविंद्र.

करवतीचा पहिला दात बसला तसं सागवान किंचाळलं. सर दोन पावलं पुढं आले, "अरे, अरे, वेडा आहेस का तू!" पण करवत चालवणाऱ्याच्या अंगावर कुणी जात नाही. रुपराव घाई करत नव्हता. साच्याचं लाकूड कापतो तसा, सरळ रेषेत, लांब हात घेऊन कापत होता. तुंब्यातून, बरोबर मधून. भुसा त्याच्या चपलांवर पडत होता. शेडभर सागवानाचा वास पसरला. पाच मिनिटं लागली असतील. त्या पाच मिनिटांत त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. दात आवळल्यानं जबडा तेवढा दुखला.

दोन तुकडे झाले. त्यानं एकाची कापलेली बाजू उजेडात धरली. सात फळ्या, सहा लाल रेषा, केसाएवढीही फट नाही.

"हे घ्या," तो म्हणाला. "आता माह्याजवळ पंखा नाही. लावाले काही नाही, मागाले काही नाही. आता आयका. त्या विलायतीत पानी गेलं हाय. तो लावला तं हा पोरगा मरन."

सर तुकड्याकडे बघत होते. बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी शेडच्या दारातून आवाज आला.

"कृष्णा, त्याचं ऐक."

यमुताई दारात होत्या. किती वेळच्या उभ्या होत्या देव जाणे. कपाळावर घाम होता.

"आई, तू आत जा."

"पाणी मी घातलंय."

सगळे त्यांच्याकडे वळले. यमुताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

रुपरावच्या तोंडून पहिला निघाला तो कारागिराचा प्रश्न. "उभा ठेवला होता का, आई?"

"हो. कोपऱ्यात. परातीत."

"पानी कुठून टाकत होत्या?"

"वरून. रोजचं अभिषेकाचं पाणी. दोन फुलपात्री, जास्त नाही."

"किती दिवस?"

"आषाढीपासून दसऱ्यापर्यंत." मग हळूच म्हणाल्या, "आणि पहिल्या दिवशी न्हाणीत धुतला होता. गोमूत्र शिंपडून, दोन बादल्या."

"आई!" सर ओरडले. "धुवायचं काय होतं त्यात? नवा कोरा होता!"

 यमुताईंची नजर एकदा रुपरावच्या हातांवर आली आणि लगेच खाली गेली. मग पुटपुटल्या, "देवघरात घ्यायचा होता ना. त्या दिवशी काट्याच्या वेळी... हात लागले होते."

शेडमध्ये चार माणसं होती. हात कुणाचे, हे एकालाही विचारावं लागलं नाही.

रुपरावचा पंखा देवघरात गेला नव्हता, म्हणून त्याला थेंबभर पाणी लागलं नव्हतं. तो सहा महिने कोरडा, सरळ, तोलात होता. विलायतीला रुपरावचा हात लागला म्हणून तो धुतला गेला, आणि धुतला म्हणून सडला. आणि हे सांगणारी बाई पाव तासाआधी दारात येऊन बोलली असती तर चांगला पंखा आत्ता शाबूत असता. ती तेव्हाही दारातच होती. तिला आधी लाज वाटली. मग पोटचं पोर मरेल असं ऐकल्यावर लाज सुटली. एका माणसाचं कित्येक महिन्यांचं काम तिच्या डोळ्यांसमोर कापलं जात होतं, तोवर सुटली नव्हती.

"मी रवीसाठीच केलं रे," त्या रडायला लागल्या. "त्याला काही होऊ नये म्हणून."

रविंद्र पांढरा पडला होता. तो जाऊन आईजवळ उभा राहिला, पण तिला हात लावला नाही.

रुपरावनं शेगडा सैल केला, आपला तुकडा काढला आणि विलायती पंखा त्यात आवळला. करवतीची मूठ सरांपुढं धरली.

"घ्या."

"मी?"

"तुमीच. नाही तं उद्या वाटन, वार्निश मारून पाहू. हा साबूत राहिला तं कोनी ना कोनी लावन."

सरांनी करवत घेतली. त्यांना कापता येत नव्हतं. करवत वाकडी जायची, अडकायची, सोनेरी शिक्क्यावर नुसते ओरखडे उठले. दोन मिनिटांत ते धापा टाकायला लागले. त्यांनी मान वर करून रुपरावकडे पाहिलं. रुपराव हात खाली सोडून उभा होता. त्यानं ते उचलले नाहीत. सर पुन्हा वाकले. अर्ध्याहून थोडं जास्त कापलं गेलं तेव्हा उरलेलं आपोआप फाटलं. फळ्या ओल्या पुठ्ठ्यासारख्या एकमेकींपासून सुटल्या. आत जोडावर काळी बुरशी धरली होती. आंबलेल्या दुधासारखा वास आला. सरांनी बोट लावलं तर सरस बोटाला चिकटून आला.

ते बोट त्यांनी फडक्याला पुसलं. मग म्हणाले, "रुपराव, मी चुकलो. मी माफी मागतो तुझी."

"हो."

"दुसरा कर. तुझाच लावू. परवानगी नव्यानं घेऊ, वर्ष लागलं तरी चालेल. लाकूड सांगशील ते आणतो."

रुपरावच्या घरी खाटेखाली आलापल्लीच्या सागवानाच्या आणखी नऊ फळ्या होत्या. सात लागतात. त्याला ते आठवलं, आणि हातांना ते लाकूड आठवलं. क्षणभर तो 'हो' म्हणणार होता. आभाळात जायचं लाकूड, एकदाच.

"नाही सर," तो म्हणाला.

"का? अजून राग आहे? मी म्हटलं ना, चुकलो."

"राग हाय. तो राहीन. पन तुमी चुकले म्हनून नाही म्हनत नाही मी. पंखा पुन्हा करीन तं याच हातानं करीन न. हात तं मले दुसरे नाही."

यमुताईंनी पदर तोंडाला लावला.

रविंद्र त्याच्या मागं फाटकापर्यंत आला. रुपरावनं करवत पोत्यात गुंडाळून सायकलच्या कॅरियरला बांधली. तुकडे घेतले नाहीत.

"रुपरावजी," रविंद्र म्हणाला, "नागपुरात असं काम येणारा दुसरा कुणी आहे?"

रुपरावनं कॅरियरची गाठ पुन्हा आवळली. प्रश्नाचा राग करावा असा पोरगा नव्हता, आणि कामाच्या प्रश्नाला खोटं उत्तर देणं त्याच्या अंगात नव्हतं.

"एक हाय. कामठीचा गोविंदा. माह्यापेक्षा हात साफ हाय त्याचा. जा त्याच्याकडे, तो करून देईन."

"तुमचं नाव सांगू?"

"सांगा. आमच्यातलाच हाय तो." त्यानं सायकलवर टांग टाकली. "तुमच्या आईले आधीच सांगून ठेवजा."